गढूळ पाण्याची शीव: पावसाळी हवेतील बास मासेमारीचे एक प्रकरण

ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी मी आणि माझा मेहुणा अलाबामातील लेक गंटर्सव्हिल या जलाशयावर सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत होतो. त्या दिवशीचा पाऊस एकच नव्हता. पहाटे भुरभुर होती, नऊनंतर संथ संततधार लागली, साडेदहाला मुसळधार कोसळली, त्यामागून विजा आल्या आणि दुपारी दोननंतर धुऊन काढल्यासारखे निळे आकाश झाले. आम्हाला एकूण नऊ बास लागले. त्यांतले सहा जेमतेम पाऊण तासात आणि दोनशे मीटरच्या पट्ट्यात लागले. त्याआधीचे तीन तास मी एका चुकीच्या गृहीतकावर घालवले होते, आणि ते गृहीतक मी अमेरिकेत शिकलेलो नव्हतो, पेण तालुक्यातून सोबत आणले होते.

हे टिपण त्या तीन तासांविषयी आणि त्या पाऊण तासाविषयी आहे. पावसात कोणता ल्यूर, म्हणजे कोणते कृत्रिम आमिष, वापरावे, असा प्रश्न गळाने मासे धरणारे नेहमी विचारतात. त्या दिवसानंतर मला वाटू लागले की पाऊस ही एक गोष्ट धरून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही. पाऊस पाण्यावरचा उजेड बदलतो, पाण्याचा रंग बदलतो, त्याचे तापमान बदलतो आणि ओढही बदलतो. हे चार बदल वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी होतात, आणि ज्या जागी आपण उभे आहोत तेथे त्यांपैकी कोणत्याचा जोर आहे हे ओळखल्याशिवाय पेटीतला ल्यूर निवडणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

जागा

टेनेसी नदीवरचे गंटर्सव्हिल धरण टेनेसी व्हॅली अथॉरिटीने १९३५ ते १९३९ या काळात बांधले. वरच्या निकाजॅक धरणापासून या धरणापर्यंत जलाशयाची लांबी सुमारे १२० किलोमीटर भरते आणि क्षेत्र सुमारे ६८ हजार एकर आहे, म्हणजे आपल्या नाथसागराहून काहीसे कमी, पण नदीसारखे लांबट आणि बाजूंना अनेक खाड्यांचे फाटे फुटलेले. बासच्या मासेमारीतली सर्वांत मानाची स्पर्धा असलेली बासमास्टर क्लासिक येथे १९७६, २०१४ आणि २०२० साली झाली, यावरून या पाण्याची कीर्ती कळेल. आम्ही हंट्सव्हिलला राहतो, तेथून हे पाणी तासाभराच्या अंतरावर आहे.

या प्रकरणात कीर्तीपेक्षा पातळी महत्त्वाची ठरली. टेनेसी नदीतून मालवाहू बार्ज चालतात आणि त्यांना ठरावीक खोली लागते, म्हणून गंटर्सव्हिलची पातळी वर्षभरात साधारण दोन फुटांच्या आतच वरखाली होऊ दिली जाते. आपल्याकडच्या धरणात मोठा पाऊस म्हणजे पाणी काठावरच्या गवतात शिरणे आणि त्यामागून मासाही तेथे येणे, हा अनुभव ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याने येथे सावध राहावे. येथे पावसाने पाणी फारसे चढत नाही, ते फक्त रंग बदलते, आणि तेही सगळीकडे एकदम नव्हे.

आम्ही निवडलेला फाटा साउथ सॉटी नावाच्या ओढ्याचा होता. हा ओढा सँड माउंटन या पठारावरून, बक्स पॉकेट नावाच्या खोल घळीतून उतरतो आणि जलाशयाला मिळतो. पठारावर शेते आणि चराऊ राने आहेत, आणि घळ अरुंद आहे, त्यामुळे वर पडलेला पाऊस काही तासांतच माती, पालापाचोळा आणि काटक्या घेऊन खाली येतो. फाट्याच्या खालच्या अंगाला रस्त्याचा भराव आणि पूल आहे, आणि भरावाच्या आसपास पाणवनस्पतींचे मोठे थर असतात. हायड्रिला, मिलफॉइल आणि लांब पट्ट्यांसारखे ईलग्रास या तिन्ही वनस्पती ऑक्टोबरमध्ये पृष्ठभागावर येऊन जाजमासारख्या पसरलेल्या होत्या.

आदल्या रात्री माझ्या अंगणातल्या पर्जन्यमापकात ४५ मिलिमीटर पाणी साठले होते. पठारावर त्याहून कमी झाले असेल असे मानायला कारण नव्हते.

वलगणीचा हिशेब

रायगडात पहिला मोठा पाऊस झाला की ओढे, नाले आणि भातशेतांचे बांध फोडून वाहणारे पाणी यांतून मासे उलट्या दिशेने वर चढतात. त्याला आम्ही वलगण म्हणतो; दक्षिण कोकणात आणि घाटावर त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. लहानपणी रात्री कंदील आणि पुढे बॅटरी घेऊन आम्ही ज्या जागी जायचो ती जागा ठरलेली असे: नवे, गढूळ, खळाळते पाणी जेथून येते ते तोंड. ताजे पाणी आले की मासा त्याला सामोरा जातो, हे माझ्या डोक्यात इतके पक्के बसलेले आहे की त्याला मी कधी गृहीतक मानलेच नव्हते. मेहुणा तर अजूनही पेणच्या खाडीकाठी राहतो, जिताड्याला गरवतो आणि पाग टाकण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. दोन आठवड्यांसाठी आलेल्या त्याला मी बिगररहिवाशाचा अल्प मुदतीचा परवाना काढून दिला होता. पहाटे बोट पाण्यात सोडताना आमच्यात काही चर्चाच झाली नाही. दोघांनीही ओढ्याच्या मुखाकडे बोट दाखवले.

आता मागे वळून पाहताना त्या हिशेबातली पहिली चूक स्पष्ट दिसते. वलगणीचा मासा अंडी घालण्यासाठी चढतो. त्याला पावसाने दिलेला इशारा प्रजननाचा असतो, भुकेचा नव्हे. लार्जमाउथ बास हा सनफिशच्या कुळातला मासा वसंतात, पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसला आले की, उथळ आणि शांत जागी तळाशी खळगा करून अंडी घालतो आणि नर त्याची राखण करतो. ऑक्टोबरच्या पावसाने त्याला वर चढण्याचे काही कारण मिळत नाही. या दिवसांत त्याची हालचाल शॅड नावाच्या चंदेरी, लहान माशांच्या थव्यांमागे असते, आणि थवे फाट्यांच्या आत सरकत असले तरी ते चिखलात शिरत नाहीत.

मुखाजवळ पोहोचलो तेव्हा पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होता. पांढरा ल्यूर दोरीने सरळ खाली सोडून तो कोठे दिसेनासा होतो हे मी नेहमी पाहतो; तेथे तो चार बोटांवर दिसेनासा झाला. अशा पाण्यासाठी जे करायला हवे ते मी पुस्तकी शिस्तीने केले. अर्ध्या औंसाचा स्पिनरबेट, म्हणजे तारेवर गरगरणारे पाते असलेला ल्यूर, लावला, त्याला विलोच्या पानासारखे लांबट पाते न घेता गोलसर कोलोरॅडो पाते घेतले. गोल पाते हळू ओढले तरी मोठे, जड ठोके देते, आणि दिसत नसेल तेव्हा मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने हेच ठोके टिपतो. झालर पिवळसर हिरव्या, ज्याला येथे शार्ट्रूज म्हणतात त्या रंगाची होती. मेहुण्याला काळ्या-निळ्या झालरीचा जड जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, दिला, कारण गढूळ पाण्यात गडद ल्यूरची आकृती अधिक ठळक उठते. त्यानंतर चौकोनी चोचीचा लहान क्रँकबेट, म्हणजे ओढताना डुलत खाली जाणारा टणक ल्यूर, पाण्यात उतरलेल्या खोडांना ठोकत नेला. ल्यूरच्या निवडीत, निदान नियमाप्रमाणे, काही चूक नव्हती, आणि नेमकी त्यामुळेच मी तेथे तीन तास थांबलो. निवड बरोबर आहे, मग मासा का लागत नाही, या हट्टात वेळ जातो. निवड चुकीची असती तर मी अर्ध्या तासात उठलो असतो.

तीन तासांत एक बास लागला, तेरा इंचांचा. गंटर्सव्हिलवर बास ठेवायचा असेल तर किमान पंधरा इंच लागतो, पण आम्ही तसेही सगळेच परत सोडतो. दर तिसऱ्या फेकीला ल्यूरवर पिवळी पाने अडकून येत, आणि पान अडकलेला स्पिनरबेट मेल्यासारखा येतो, त्याचे पाते फिरतच नाही.

साडेआठच्या सुमारास मेहुणा, जो इतका वेळ मुकाट्याने पाने काढत होता, म्हणाला, "भाओजी, ह्या पान्यात हात घालून बघा." मी घातला. पाणी बोचत होते. आवाजावरून खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तापमान सतत लिहून येत असते आणि मी ते सकाळपासून एकदाही पाहिले नव्हते: येथे १७.८ अंश होते. बोट सोडली त्या जागी ते २१ पेक्षा थोडे अधिक असल्याचे मला आठवत होते. थंड रात्रीच्या पावसाचे, सावलीतल्या घळीतून आलेले पाणी तीन अंशांनी थंड होते. बासच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे चालते, आणि काही तासांत तीन अंशांची घसरण झाली की तो खाण्यापेक्षा जागा बदलतो किंवा गप्प बसतो. हेच पाणी जुलैत आले असते तर गोष्ट उलट झाली असती, कारण तीस अंशांच्या मंद, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात असा थंड झरा मासे ओढून आणतो. ओढ्याच्या तोंडाशी जावे की टाळावे हे पाऊस ठरवत नाही. आलेले पाणी आधीच्या पाण्यापेक्षा माशाला सुखाचे आहे का, यावर ते ठरते, आणि ते कळायला दोन रुपयांचा तापमापकही पुरतो.

शीव

नऊच्या सुमारास आम्ही फाट्याच्या तोंडाकडे, भरावाच्या दिशेने खाली निघालो. भुरभुर थांबून बारीक, सरळ, न थांबणारा पाऊस लागला होता आणि वारा जवळजवळ नव्हता. मी वेग ठेवून चाललो होतो. मेहुणा बोटीच्या नाळेवर बसला होता, आणि त्याने एकदम हात वर केला.

"शीव आहे बघा."

गढूळ पाणी आणि निवळ पाणी यांच्यामध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा होती. तिच्यावर फेसाचे बुडबुडे, तरंगती पाने आणि काटक्या एका ओळीत जमल्या होत्या. अलीकडे चहा, पलीकडे काळसर हिरवे पाणी, ज्यात पांढरा ल्यूर हातभर खोल दिसत होता. ही रेघ पाणवनस्पतींच्या जाजमाला तिरकी जाऊन भिडत होती. शॅडचे थवे निवळ बाजूला, रेघेपासून वीतभर अंतरावर, पावसाच्या थेंबांपेक्षा किंचित मोठी वर्तुळे उठवत होते. खाडीवर भरती-ओहोटीच्या सांध्यावर अशी शीव मेहुणा रोज पाहतो आणि जिताडा तिच्या कोणत्या अंगाला दबा धरतो हेही त्याला ठाऊक आहे. वलगण आम्हा दोघांनाही चुकीच्या जागी घेऊन गेली होती. खाडीचे ज्ञान मात्र येथे तंतोतंत लागू पडले, कारण ते अंड्यांविषयी नव्हते, शिकारीविषयी होते. गढूळ पाण्याचा पडदा पाठीशी घेऊन उजेडाच्या बाजूला आलेल्या भक्ष्यावर झडप घालणे, हे जिताडा आणि बास दोघेही करतात, जरी त्यांचे कुळ पूर्ण वेगळे आहे.

तरीही मी लगेच दुसरी चूक केली. ऑक्टोबरमध्ये गंटर्सव्हिल म्हटले की प्रत्येकाच्या हातात बेडूक असतो: पोकळ रबराचा, पाठीवर दोन गळ चिकटून असलेला ल्यूर, जो जाजमावरून घसरत नेता येतो. मी पासष्ट पौंडी वेणीची दोरी आणि जाड काठी काढली आणि जाजमाच्या मध्यावर बेडूक नाचवू लागलो. वीस मिनिटे काहीही झाले नाही. जाजमाच्या कडेला बेडूक पोहोचला तेव्हा मात्र त्याच्या मागे पाण्याला खळगा पडला आणि मासा चुकला.

तो खळगा कोठे पडला याकडे लक्ष गेले आणि तेव्हा उजेडाचा विचार सुचला. कडक उन्हात बास जाजमाखाली सावलीत शिरतो आणि म्हणून बेडूक मध्यावर चालतो. ढगाळ, पावसाळी हवेत सावली सगळीकडेच आहे. थेंबांनी पृष्ठभाग फुटलेला असतो, त्यामुळे वरून खाली उजेड कमी जातो आणि खालून वर पाहणाऱ्या माशाला बोट, दोरी, माणूस हे सगळे अस्पष्ट होते. अशा वेळी मासा छपराखाली न राहता कडेने भटकतो. त्यामुळे फेकायची ती कडेला समांतर, जाजमाच्या आत नव्हे, आणि ल्यूर असा हवा जो कमी वेळात लांब कड तपासून देईल.

माझ्या समजुतीप्रमाणे बझबेटचे काम नेमके हेच आहे. तारेवर पंख्यासारखे पाते असते. ते पाण्यावर येताच गरगरत, पाणी कापत जाते आणि थांबवले की बुडते, म्हणून ते सतत ओढावे लागते. माझ्या बझबेटचे पाते मी किंचित वाकवून ठेवलेले आहे, ते फिरताना तारेला घासते आणि रहाटासारखे कुरकुरते. पावसाच्या सरसर आवाजात ही कुरकुर वेगळी उठते. पांढरी झालर, तीन-अष्टमांश औंस, आणि मागे एक जादा गळ, कारण पृष्ठभागावर बास पुष्कळदा मागून तोंड मारतो. मेहुण्याला पात्याचा जिग दिला, ज्याला येथे ब्लेडेड जिग म्हणतात; त्याच्या डोक्यासमोर पत्र्याचा तुकडा असतो आणि ओढताना काठीच्या मुठीपर्यंत थरथर येते. निवळ अंगाला दोन्ही पांढरे घेतले, कारण तेथे शॅड दिसत होते आणि मासा पाहू शकत होता. शार्ट्रूज आणि काळा-निळा पेटीत परत गेले.

पहिला बास बझबेटवर आला. त्याचा आवाज झाला नाही, पाण्याचा एक तुकडा नुसता आत ओढला गेला आणि कुरकुर बंद पडली. अशा वेळी हात आपोआप झटका देतो आणि माशाच्या तोंडातून ल्यूर निघून येतो. दोरीला वजन लागेपर्यंत ओढतच राहायचे असते, हे मला येऊन सहा वर्षे झाली तरी दर मोसमाला नव्याने शिकावे लागते. हा बास सव्वातीन पौंडांचा होता. त्यानंतर पाऊण तासात आणखी पाच लागले, तीन मेहुण्याला आणि दोन मला. सगळ्यांत मोठा, सव्वाचार पौंडांचा, मेहुण्याच्या पात्याच्या जिगवर, शीव जाजमाला जेथे मिळत होती त्या कोपऱ्यात, लागोपाठ तिसऱ्यांदा त्याच जागी फेकल्यावर आला. बोटीच्या कडेवरून खालचा जबडा अंगठा-बोटात धरून त्याने तो उचलला आणि क्षणभर पाहत राहिला. जिताड्याच्या गालपटाची कड सुरीसारखी कापते, म्हणून बोट घालण्याआधी त्याला विचार करायची सवय आहे. बासच्या जबड्यावर फक्त खरखरीत कानस असते.

हवेच्या दाबाविषयी

पावसाआधी मासे खातात ते हवेचा दाब उतरतो म्हणून, असे मला जवळपास प्रत्येक जुन्या मासेमाऱ्याने सांगितले आहे. त्या दिवशी फोनवर दिसणारा दाब सकाळी १०१६ हेक्टोपास्कल होता आणि दुपारी एकच्या सुमारास १००६ झाला. दहाचा फरक मोठा वाटतो. परंतु एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर पाण्याचा दाब. वादळाने आणलेला सगळा फरक माशाच्या दृष्टीने दहा सेंटीमीटर खोलीइतका झाला, आणि शॅडमागे धावणारा बास एका झडपेत त्याच्या कित्येक पट वरखाली होतो. दाब उतरताना मासे अधिक खातात हे निरीक्षण मी नाकारत नाही, पण दाब उतरतो तेव्हा ढगही येतात, वाराही सुटतो आणि उजेडही उतरतो, आणि त्या तिघांचा परिणाम आपल्याला डोळ्यांनी दिसतो. ल्यूर निवडताना मी दाबाकडे पाहत नाही. उजेडाकडे पाहतो.

याच मासेमाऱ्यांचा लाडका दाखला जॉर्ज पेरीचा आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातील माँटगोमेरी लेक या पाण्यात त्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. आजही तो जागतिक विक्रम आहे, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता याने जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या माशाने त्याची बरोबरी केली. रानात पाऊस होऊन जमीन नांगरण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून पेरी त्या दिवशी मासे धरायला गेला, असे सांगितले जाते. पावसाने त्याला मोकळा दिवस दिला. माशाने का खाल्ले याचा खुलासा त्यात नाही.

मुसळधार, विजा आणि निळे आकाश

साडेदहाला पावसाचा जोर एकदम वाढला. पृष्ठभाग उकळत्या कढईसारखा झाला आणि बझबेटची कुरकुर मलाच ऐकू येईना. मेहुण्याने पात्याचा जिग हळू, खोल ओढायला सुरुवात केली, आणि ती दिशा योग्य होती: एवढ्या गोंधळात पृष्ठभागावरचा ल्यूर हरवतो, पण हातभर खाली थरथर पोहोचते. त्या प्रयोगाचा निकाल मात्र कळला नाही, कारण दहा मिनिटांत पहिला गडगडाट ऐकू आला.

येथे मी काहीही तोलून पाहत नाही. ग्रॅफाइटची सात फुटी काठी विजेची चांगली वाहक आहे, आणि सपाट पाण्यावरच्या ॲल्युमिनियमच्या बोटीत ती उभी धरून बसलेला माणूस हा आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. काठ्या आडव्या ठेवल्या, भरावाजवळच्या धक्क्यावर बोट बांधली आणि गाडीत बसलो. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याखेरीज परत जायचे नाही हा नियम आहे. त्या दिवशी अधूनमधून नवा गडगडाट ऐकू येत राहिल्याने तो अर्धा तास पुन्हा पुन्हा मोजावा लागला आणि आमचे साडेतीन तास गाडीत गेले. मेहुण्याने डब्यातली थालीपिठे संपवली.

सव्वादोनला ढग पूर्वेकडे सरकले, वारा वायव्येकडून थंड वाहू लागला आणि ऊन पडले. सकाळच्या जागी, सकाळच्याच पांढऱ्या बझबेटने मी दीडशे मीटर कड पालथी घातली. एकही मासा उठला नाही. शीव सुमारे पन्नास मीटर खाली सरकली होती, पण तेवढ्याने सहा मासे अदृश्य होत नाहीत. उजेड बदलला होता. आता छपराला पुन्हा अर्थ आला होता. एक औंसाचे टंगस्टनचे वजन, त्यामागे पायांची झालर असलेला मऊ प्लॅस्टिकचा किडा, आणि जाजमात उभे भोक पाडून तो सरळ तळापर्यंत सोडणे, याला येथे पंचिंग म्हणतात. हे कष्टाचे आणि कंटाळवाणे काम आहे. एकेका भोकाला दोन-तीनदा वरखाली करून पुढे जायचे. दीड तासात दोन बास आले, दोन्ही जाजमाच्या सर्वांत जाड भागातून, दोन्ही दोन पौंडांच्या आसपासचे.

दोन दिवसांनी

प्रकरण येथे पूर्ण होत नाही, कारण माझ्या मनात एक शंका उरली होती. सकाळच्या तीन तासांत ल्यूर चुकला होता, जागा चुकली होती की वेळ? मेहुणा रविवारी संध्याकाळी अटलांटाहून विमानाने गेला. सोमवारी ऑफिस लवकर उरकून मी एकटाच ओढ्याच्या मुखाशी गेलो. पठारावर पाऊस नव्हता, ओढा संथ झाला होता, पांढरा ल्यूर वीतभर खोल दिसत होता आणि पडद्यावर तापमान १९.९ दिसत होते. पाण्याला अजून चहाची छटा होती, पण दूध कमी झाले होते. पेटीतला तोच अर्ध्या औंसाचा शार्ट्रूज स्पिनरबेट, तेच गोल पाते, शनिवारी जी खोडे ठोकली होती तीच खोडे.

अंधार पडेपर्यंत चार बास लागले, त्यांतला एक अगदी ओढ्याच्या तोंडाशी, जेथे शनिवारी मी किमान चाळीस वेळा तोच ल्यूर फेकला होता. मेहुण्याला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला की तुमच्याकडे वलगण दोन दिवस उशिरा लागते एवढेच. मी त्याला तापमानाचे आकडे सांगायला लागलो. त्याने मध्येच विचारले की शीव त्या दिवशी कोठे होती. ती पुलाखालून पलीकडे गेली असावी, आणि तेथवर मी गेलोच नव्हतो.